साताऱ्यापर्यंतची कळ

"शून्य," अण्णा म्हणाले.

म्हणताना त्यांनी पलंगाचा लोखंडी दांडा असा धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. कपाळावरचा घाम कानाकडे ओघळत होता. मी हातातल्या कागदाकडे बघितलं, मग त्यांच्या बोटांकडे.

"अण्णा, नक्की शून्य?"

"बरोबर शून्य. पुढं चला, पोरी."

मी शून्य लिहिलं. पुढच्या खाटेवर गेले. तिथेही शून्यच होतं.

कलगोंडा मगदूम, वय अडुसष्ट, शिरोळकडचे मोठे ऊसवाले. तरुणपणी त्यांनी कुस्तीची मैदानं गाजवलेली, आणि गेल्या सोमवारी त्यांच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. मी त्यांची डॉक्टरही नव्हते आणि नर्सही. मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावरच्या पुरुष वॉर्डात एका औषधाची चाचणी चालू होती, आणि तिचे कागद सांभाळायला मला सहा महिन्यांसाठी नेमलं होतं.

असं ऑपरेशन झालं की आत नळी ठेवतात. मूत्राशयाला ती पसंत नसते. घरात परका माणूस शिरल्यासारखा तो अचानक आवळतो आणि नळीला बाहेर ढकलायला बघतो. माणसाला वाटतं, आत्ता, या क्षणी लघवीला गेलो नाही तर मरेन. ती तर आधीच नळीतून पिशवीत जात असते, त्यामुळे जायला जागाच नसते. संमतीपत्रात याला 'मूत्राशयाचे अनैच्छिक आकुंचन' असं म्हटलं होतं. वॉर्डात सगळे 'कळ' म्हणत.

या कळेवर एक कॅप्सूल आली होती. निम्म्या रुग्णांना औषध आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या कॅप्सूलमधून नुसतं पीठ. कुणाला काय मिळतंय ते रुग्णाला ठाऊक नाही, मला नाही, आणि आमच्या डॉक्टर आरवाडेंनाही नाही. पुण्यातल्या कुठल्याशा कपाटातल्या यादीला तेवढं ठाऊक. रुग्णाने करायचं इतकंच, की कळ आली की डायरीत वेळ लिहायची आणि शून्य ते दहामधला आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य.

पहिल्या अकरा रुग्णांच्या डायऱ्या मी डॉक्टरांसमोर ठेवल्या होत्या. पानोपानी शून्य. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"रेवती, या आकड्यांवरून दिसतंय की आपल्याकडे कुणाचं ऑपरेशनच झालेलं नाही."

मी चेहऱ्यांचा तक्ता लावून बघितला. हसऱ्या तोंडापासून रडक्या तोंडापर्यंत सहा चेहरे, लहान मुलांच्या वॉर्डातून आणलेले. अण्णांनी तो लांब धरून, जवळ धरून बघितला आणि हे कुणाचे पाहुणे म्हणून विचारलं. शेजारचे इसाकचाचा, मिरजेतले जुने तंबोरे करणारे, म्हणाले की शेवटचा रडका तर त्यांच्या थोरल्या साडूसारखा दिसतो, आणि तो काही दुखत असलं म्हणून रडत नाही, त्याची ती सवयच आहे. मग तिसऱ्या खाटेवरच्यांना धरून तिघांनी मिळून प्रत्येक चेहऱ्याला एकेक नातेवाईक शोधला. आकडा शून्यच राहिला.

कारण मला दिसत होतं. दुखणं त्या जागेचं, आणि सांगायचं कुणाला, तर लेकीच्या वयाच्या बाईला. आवळे सिस्टर वॉर्डात बावीस वर्षं होत्या. त्या म्हणाल्या, "मला तरी कुठं सांगतात? रोज त्याच जागेचं ड्रेसिंग करते मी. वर तोंड करून म्हणतात, 'बरं हाय.'"

मला राग यायला हवा होता, पण येत नव्हता. मीही तेच करत होते.

मला चौथा महिना चालू होता. याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा चौथ्याच महिन्यात सगळं संपलं होतं. पहिल्या वेळी मी घरी होते, दुसऱ्या वेळीही. गावातल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, होतं असं, नशीब. या खेपेला सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं, पाचवा लागेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. बोललं की दृष्ट लागते. म्हणून नवरा, सासूबाई आणि मी, एवढ्यांनाच माहीत. कामावर मी ढगळ कुर्ता घालायचे, त्यावर पांढरा कोट. घरी झोपून राहिले तर दिवसभर पोटाकडेच लक्ष जायचं, म्हणून कामावर येत होते. आणि सासूबाई रोज डबा हातात देताना एवढंच विचारायच्या, "बरं आहे ना?"

"बरं आहे," मी म्हणायचे.

त्या मंगळवारी, अण्णांचं शून्य लिहून मी वॉर्डाच्या टोकाला पोचले असेन, तेवढ्यात आवळे सिस्टरांची हाक आली. अण्णांच्या पिशवीत तासाभरात थेंब आला नव्हता. नळीत रक्ताची गाठ अडकली होती. पोट दगडासारखं झालं होतं. सिस्टरांनी मोठ्या सिरिंजने पाणी मारून मारून गाठ काढली. ती सुटली तेव्हा अण्णांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून जिन्यात चहा पिणारा वॉर्डबॉय कप टाकून धावत आला.

"हे शून्य होतं?" सिस्टर म्हणाल्या. "अजून थोडा वेळ गेला असता तर परत टेबलावर घ्यावं लागलं असतं. ही पोरगी आकडा विचारते तो काय लॉटरीसाठी विचारते?"

अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले. म्हाताऱ्या मल्लाला बायामाणसांदेखत ओरडावं लागलं, ही गोष्ट त्यांना गाठीपेक्षा जास्त लागली असावी.

जेवणानंतर मी औषधांच्या कपाटामागे बसून कागद लावत होते. मधे हिरवा पडदा होता. मी आहे हे तिघांना माहीत नव्हतं, आणि ते मोकळेपणाने बोलत होते.

"अण्णा, मघाची कुठवर गेली म्हणायची?" हा तिसऱ्या खाटेवरचा आवाज. दत्तोबा खरमाटे, एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. सगळं आयुष्य स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या लावण्यात गेलेलं. वॉर्डात त्यांना सगळे कंट्रोलरच म्हणायचे.

"ममईच," अण्णा म्हणाले. "दादरला उतरून परत यायला लागलं."

"माझी सकाळची इस्लामपूरला थांबली," चाचा म्हणाले. "पण काल संध्याकाळची, या अल्ला, थेट पुणे. मधे कुठे थांबाच नाही."

"ती विनाथांबा होती," कंट्रोलर गंभीरपणे म्हणाले. "मी ऐकली. सहा वाजून दहाला सुटली."

मी कागद तसेच ठेवले आणि पडदा सरकवला. तिघांनी एकदम चादरी गळ्यापर्यंत ओढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सांगण्यावरून कंट्रोलरांनी रुग्णालयाच्या जेवणाच्या वेळापत्रकामागे, सुवाच्य अक्षरात तक्ता करून दिला. सांगली एक. आष्टा दोन. इस्लामपूर तीन. पेठनाका चार. कराड पाच. सातारा सहा. खंबाटकी सात. पुणे आठ. लोणावळा नऊ. मुंबई दहा. खाली टीप: मिरज स्टँडवरून गाडी सुटलीच नाही तर शून्य. डॉक्टर आरवाडेंनी तो दोनदा वाचला. म्हणाले, पुण्याला शेवटी आकडेच जाणार आहेत. माणूस आकड्यापर्यंत कुठल्या रस्त्याने आला हे कुणी विचारत नाही. आणि त्यांनी तक्त्यावर सही केली.

आता मी वॉर्डात शिरून विचारायचे, "अण्णा, कुठवर?" आणि अण्णा, ज्यांनी जन्मात बाईजवळ दुखण्याचा द काढला नव्हता, ते लाजण्याचं काहीच कारण नसल्यासारखे सांगायचे, "कराडला जाऊन आलो." कुणी स्वतःचं काही सांगत नव्हतंच, प्रवासाला गेलेल्या माणसाने गावाचं नाव सांगावं तसं सांगत होते. इसाकचाचा शेजारच्या गावांवरून बारकावे काढायचे: साताऱ्याच्या अलीकडे, पण उंब्रजच्या पुढे. तंबोऱ्याचा कान तो, त्यांना मधलंही ऐकू यायचं. मी तिथे साडेपाच लिहू लागले, तर कंट्रोलरांनी हरकत घेतली की उंब्रजला अधिकृत थांबा धरलेला नाही. त्यावर चाचा आणि त्यांच्यात अर्धा तास वाद झाला. वाद चालू असतानाच चाचांची एक कळ लोणावळ्याला जाऊन आली, आणि दोघांनी मिळून तिची वेळ लिहिली.

कंट्रोलरांना एवढ्याने भागेना. ते स्वतःच्या डायरीत दोघांच्याही गाड्या लिहू लागले. मी त्यांना सांगितलं की असं चालणार नाही, पुण्याच्या भालेरावांना कळलं तर माझी कंबख्ती. भालेराव म्हणजे चाचणीचे तपासनीस. महिन्यातून एकदा टाय लावून यायचे आणि डायरीतली खाडाखोड भिंगाने बघायचे. त्यांचे दोन नियम होते. लिहिलेलं पुसायचं नाही. आणि एकदा दुखण्याची नोंद झाली की तिचा शेवट काय झाला ते लिहिल्याशिवाय ती बंद होत नाही.

"चांगला माणूस आहे," कंट्रोलर म्हणाले. "गाडी सुटल्याची नोंद असेल तर पोचल्याची पाहिजेच."

शनिवारी सकाळपासून माझ्या कमरेत दुखत होतं. डबा घेताना सासूबाईंनी नेहमीचं विचारलं आणि मी नेहमीचं सांगितलं. रिक्षात दुखणं कमरेतून पुढे आलं. वॉर्डात पोचल्यावर मी तीनदा बाथरूमला जाऊन आले, डाग दिसतो का बघायला. डाग नव्हता. डाग नाही म्हणजे काही नाही, असं मी ठरवलं. मागच्या दोन्ही वेळांनाही आधी असंच ठरवलं होतं.

साडेअकरानंतर मी कागद लावायची फळी घेऊन अण्णांच्या खाटेपाशी उभी राहिले. त्या दिवशी तिघांचंही मूत्राशय धुवायला नळीतून सोडायचं पाणी थांबवलं होतं. आता नळी आणि पिशवी तेवढी उरली होती. अण्णा खुशीत होते. सकाळपासून फक्त आष्टा. मी आकडा लिहायला गेले आणि अक्षरं वर-खाली झाली.

"मॅडम," पलीकडून कंट्रोलर म्हणाले, "दांडा सोडा."

मी बघितलं. अण्णांच्या खाटेचा पायथ्याकडचा दांडा मी धरला होता. माझी पेरं पांढरी पडली होती.

"काही नाही," मी म्हणाले. "सकाळी नीट खाल्लं नाही."

"सकाळपास्नं तीन खेपा झाल्यात तुमच्या बाथरूमच्या," कंट्रोलर म्हणाले. "आणि काल चिंच मागितलीत आवळे सिस्टरांकडे. मी खिडकीत बसून काढलाय जन्म, मॅडम. कोण कुठं चाललंय ते मला तिकीट न बघता कळतं."

चाचा छताकडे बघत होते. त्यांनाही कळलेलं होतं. तिघांनाही, आणि कोण जाणे किती दिवसांपासून.

अण्णा उठून बसले. पिशवीची नळी नीट करून घेतली. मग माझ्याकडे न बघता, माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "पोरी, मी शून्य सांगितलं आणि काय मिळवलं? पोटात रक्ताची गाठ. आता तू सांग. कुठवर?"

"कराड," मी म्हणाले.

 तिघेही थांबले. आकडा विचारल्यावर मीही अशीच थांबायचे, पहिलं उत्तर खरं नसतं म्हणून.

"नाही," मी म्हणाले. "सातारा. आणि थांबत नाहीये."

कंट्रोलरांनी घड्याळ बघितलं, डायरी ओढली, लिहिलं. चाचांनी स्टीलच्या ग्लासने खाटेवर ठोके द्यायला सुरुवात केली, एका लयीत, न थांबता. आणि अण्णा पायऱ्या उतरल्यासारखे खाटेवरून खाली उतरले, लघवीची पिशवी हातात घेतली आणि बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात जाऊन, मैदानात जोडीदार पुकारावा तशी आवळे सिस्टरांना हाक मारली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. चाकाची खुर्ची. सिस्टरांचा हात माझ्या मानेवर, आणि त्यांचं पुटपुटणं, "येडी कुठली, येडी कुठली." आणि मागून येणारी वरात. पाठीमागे नाड्या बांधायचे ते हिरवे झगे घातलेले तीन म्हातारे, हातात कंदील धरल्यासारख्या पिवळ्या-गुलाबी पिशव्या, पाय फाकवून चालत लिफ्टपर्यंत आले. लिफ्टमन म्हणाला, पेशंटना खाली नेता येत नाही. कंट्रोलर म्हणाले, आम्ही जात नाही, सोडायला आलोय. लिफ्टचं दार बंद होताना मी बघितलं, अण्णांचा झगा मागून उघडा होता आणि त्यांना त्याचं काही नव्हतं.

स्त्रीरोग विभागाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सोनोग्राफी केली. गर्भाशयाचं तोंड सैल होऊन उघडायला लागलं होतं. बाळ ठीक होतं. त्यांनी विचारलं, "मागच्या दोन्ही वेळी असंच दुखत होतं?"

"थोडं."

"कुणाला सांगितलं होतं?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी लगेच नर्सला ऑपरेशन थिएटर मोकळं आहे का ते बघायला सांगितलं. दुपारी त्यांनी ते तोंड बंद ठेवणारा टाका घातला. संध्याकाळपर्यंत राहिली असतीस तर घालायला काही उरलं नसतं, हे त्या नंतर म्हणाल्या.

शुद्ध नीट आली तेव्हा सासूबाई उशाशी होत्या. रडून झालं होतं त्यांचं.

"दुखत होतं तर मला सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्हीच म्हणालात, बोलायचं नाही."

त्या बराच वेळ माझी बोटं मोजल्यासारखी दाबत बसल्या. "लोकांना सांगू नको म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "मला नव्हते म्हणाले."

मग मला एकाएकी लघवीला लागली. अशी की आत्ता, या क्षणी. मी उठू लागले तर नर्सने खांदे धरले. खाली बघितलं तर खाटेला पिशवी लटकत होती आणि नळी माझ्याकडे येत होती. दोन महिने मी जिच्याबद्दल आकडे गोळा करत होते ती ही. संमतीपत्रातल्या वर्णनात चूक काढायला जागा नव्हती, पण त्यात अर्धंही लिहिलेलं नव्हतं.

सहाच्या सुमाराला आवळे सिस्टर आल्या आणि औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिलेला एक कागद माझ्या हातात दिला. कंट्रोलरांचं अक्षर. एकच शब्द: 'कुठवर?'

मी सिस्टरांच्या पेनने खाली लिहिलं: 'पेठनाका. नळीची आहे. दुसरी गाडी थांबली.'

सिस्टर नंतर म्हणाल्या, वर कागद पोचल्यावर इसाकचाचांनी पुन्हा ग्लास वाजवला, या खेपेला जरा बऱ्या तालात.

मला पुढे झोपूनच राहायचं होतं, त्यामुळे चाचणी माझ्याशिवाय पूर्ण झाली. त्या पहिल्या अकरा जणांना सोडून बाकी सगळे रुग्ण कंट्रोलरांच्या तक्त्याने प्रवास करून आले. डॉक्टर आरवाडेंनी फोनवर निकाल सांगितला: औषधवाल्यांची सरासरी इस्लामपूर, पीठवाल्यांची पेठनाक्याच्या थोडी अलीकडे. फरक आहे म्हणायला आहे. ज्यांनी गावी जाऊन चार जणांना या कॅप्सूलची शिफारस केली होती, त्या अण्णांना पीठ मिळालं होतं. त्यांना ते कळवायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, नको.

आणि भालेरावांचा एक कागद शिल्लक राहिला होता. रुग्ण क्रमांक चौदाच्या, म्हणजे कंट्रोलरांच्या डायरीत, शनिवारच्या पानावर, एक ओळ जास्तीची होती: '११.४०. मॅडम. सातारा.' चाचणीत सगळे पुरुष असताना ही मॅडम कोण, सातारा याचा अर्थ काय, आणि या दुखण्याचा परिणाम काय झाला, असे तीन प्रश्न होते. ओळ खोडून चालत नव्हतं. डॉक्टरांनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तक्ता जोडून केव्हाच पाठवली होती. तिसऱ्याचं उत्तर त्यांनी मुद्दाम लिहिलं नव्हतं. पाच महिने नोंद उघडीच राहिली. दर महिन्याला स्मरणपत्र यायचं आणि डॉक्टर लिहायचे, 'प्रतीक्षेत.'

शेवटी त्यांनी तो कागद माझ्या घरी पाठवला. त्या दिवशी बाळाला तेरा दिवस झाले होते. तिला एका हातावर पाजत, दुसऱ्या हाताने मी परिणामाच्या रकान्यात लिहिलं:

'मुलगी. दोन किलो सातशे. सुखरूप पोचली.'

आठवड्याने कागद परत आला. भालेरावांचा शिक्का होता: नोंद बंद. खाली सही, तारीख. आणि समासात, जिथे काहीही लिहायला त्यांनीच सगळ्यांना बंदी केली होती तिथे, बारीक अक्षरात पेन्सिलीने विचारलं होतं, 'नाव काय ठेवलं?'